शुश्रूषागृह आणि गृहशुश्रूषा : संसदेच्या दारातील एक अपुरे प्रकरण

रुग्ण रुग्णालयातून घरी निघाला की डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली आपण आणखी एक ओळ लिहितो : 'घरी शुश्रूषेची व्यवस्था करावी.' अर्धांगवायूचा रुग्ण असो, खुब्याचे हाड मोडलेली ऐंशीची वृद्धा असो की मज्जारज्जूला इजा झालेला तरुण असो, ही ओळ ठरलेली. औषध लिहिताना मात्रा, वेळ आणि दिवस आपण काटेकोरपणे नोंदवतो. ते औषध बनवणाऱ्या कारखान्यावर आणि विकणाऱ्या दुकानावर कोणाची देखरेख आहे, हेही आपणांस ठाऊक असते. शुश्रूषेच्या त्या एका ओळीमागे मात्र असे काहीच उभे नसते. घरी कोण येणार, त्याला काय येते, त्याच्या हातून काही बिघडले तर तो कोणाला जबाब देणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नसते आणि बहुतेक वेळा आपण तो विचारतही नाही.

आपल्या इंदूरचेच पाहा. रामबागेत, नारायण बागेत ज्या वाड्यांमध्ये एकेकाळी आजारी माणसाच्या उशापायथ्याशी पाळीपाळीने दहा जण बसत, त्या घरांतील मुलगा आता पुण्याला किंवा बंगळूरला असतो, मुलगी सातासमुद्रापलीकडे असते आणि आईवडील दोघेच एखाद्या फ्लॅटमध्ये राहतात. अशा घरात ब्यूरोला फोन जातो. दोन-चार तासांत एक मुलगी किंवा मुलगा येऊन उभा राहतो. दिवसाची बारा तासांची पाळी, रात्रीची बारा तासांची पाळी, अंगात पांढरा एप्रन. घरचे तिला 'सिस्टर' म्हणतात. परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव नसते. राईल्स ट्यूबमधून अन्न देणे, कॅथेटरची पिशवी रिकामी करणे, श्वासनलिकेतील छिद्रातून कफ ओढून काढणे अशी कामे ती करते, आणि ती तिला कोणी शिकवली असे विचारले तर उत्तर मिळते, "पहिलेवाले पेशंट के यहाँ सीखा." यात त्या मुलीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. धार, झाबुआ, खरगोनकडून आलेल्या या मुली कष्टाळू असतात. ब्यूरो घरमालकाकडून जे घेतो त्यातील किती त्यांच्या हाती पडते हे आपण विचारीत नाही आणि त्या सांगत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती आणि अपंग म्हणून नोंदले गेलेले २ कोटी ६८ लक्ष. यांतील ज्यांना रोजच्या व्यवहारासाठी दुसऱ्याच्या हाताची गरज असते त्यांतील फार थोडे कोणत्याही संस्थेत राहतात. बाकीचे घरी असतात.

मराठीत 'शुश्रूषागृह' आणि 'गृहशुश्रूषा' असे दोन शब्द करता येतात. दोन्हींत पदे तीच, फक्त क्रम उलटा. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शुश्रूषागृहासाठी महाराष्ट्रात १९४९ पासून नोंदणीचा कायदा आहे. आमच्या मध्य प्रदेशात १९७३ चा 'उपचर्यागृहां'चा अधिनियम आहे. कर्नाटकात २००७ चा, गुजरातेत २०२१ चा आणि केंद्राचा २०१० चा असे कायदे झाले. आपल्यापैकी ज्यांनी परवान्यांच्या फायली घेऊन जिल्हा कार्यालयाचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना हे सांगावयास नको. या कायद्यांची भाषा जागेची आहे. किती खाटा, किती चौरस फूट, शस्त्रक्रियागृहाचे दार किती रुंद, कचऱ्याची कोणती पिशवी कोणत्या रंगाची. ज्या सेवेची जागा म्हणजे रुग्णाचे स्वतःचे घर, ती सेवा या मापपट्टीच्या बाहेरच राहते.

अपंगांसाठीचा २०१६ चा कायदाही या बाबतीत वेगळा नाही. त्यात संस्थांच्या नोंदणीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. नोंदणीपत्राशिवाय अपंगांसाठीची संस्था चालवता येणार नाही, असे कलम ५० सांगते. पण तेही मुख्यतः माणसांना ठेवून घेणाऱ्या, शिकवणाऱ्या, पुनर्वसन करणाऱ्या संस्थेचा विचार करते. शिवाय कलम ५४ अन्वये केंद्र वा राज्य शासनाने स्वतः चालवलेल्या संस्थांना हे प्रकरण लागूच होत नाही. शासनाच्या संस्थेत सारे आपोआप ठीक असते, असे विधिमंडळांना का वाटते हे मला आजवर उमगलेले नाही.

या पार्श्वभूमीवर २०१९ साली एक लहानशी, पण महत्त्वाची गोष्ट घडली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा जो कायदा आहे, त्यात दुरुस्ती करणारे विधेयक ११ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले. त्या वेळी हे खाते श्री. थावरचंद गेहलोत यांच्याकडे होते. ते आमच्या माळव्याचेच. पुढे २०२१ मध्ये ते कर्नाटकाचे राज्यपाल झाले. वृत्तपत्रांचे लक्ष गेले ते सून आणि जावई यांच्याकडे, कारण 'अपत्ये' या शब्दाच्या व्याख्येत विधेयकाने त्यांनाही घेतले होते. निर्वाहाच्या रकमेवरील दरमहा दहा हजारांची मर्यादा काढून टाकण्याची तरतूद होती. ज्येष्ठांना टाकून देणाऱ्यास २००७ च्या कायद्याने तीन महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला होता; तो वाढवून तीन ते सहा महिने कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड असा केला होता. चहाच्या टेबलावर यावर पुष्कळ चर्चा झाली.

आपल्या दृष्टीने जे खरे नवे होते ते आतल्या पानांत होते. शारीरिक वा मानसिक दुर्बलतेमुळे ज्या ज्येष्ठांना दैनंदिन व्यवहार अवघड जातात त्यांना घरी पुरवल्या जाणाऱ्या सेवेची दखल या विधेयकाने घेतली, आणि अशी सेवा पुरवणाऱ्या संस्थांनी वृद्धनिवासांप्रमाणेच राज्याच्या नोंदणी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी असे म्हटले. ब्यूरोच्या दारावर पाटी लागण्यापूर्वी कोणाची तरी परवानगी लागेल, हा विचार या रूपाने संसदेच्या पटलावर आला.

२३ डिसेंबर २०१९ रोजी विधेयक सामाजिक न्याय व अधिकारिता खात्याशी संलग्न असलेल्या संसदीय स्थायी समितीकडे गेले. या समित्यांविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते म्हणून दोन शब्द. खातेनिहाय स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. तेव्हा त्या सतरा होत्या. २००४ मध्ये चोवीस झाल्या. एका समितीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा असे एकतीस सभासद असतात. मंत्र्याला सभासद होता येत नाही. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे तेथे सभागृहापेक्षा घसा कमी ताणला जातो आणि पक्षाची झूल थोडी सैल होते, असे जाणकार सांगतात. खात्याच्या सचिवांना बोलावून कलमागणिक प्रश्न विचारता येतात, संघटनांची निवेदने मागवता येतात, साक्षी ऐकता येतात. अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो व तो सर्वांस वाचावयास मिळतो. मात्र शासनावर तो बंधनकारक नसतो. आणि प्रत्येक विधेयक समितीकडे जातेच असेही नाही. पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके अशा तपासणीस गेली; सतराव्या लोकसभेच्या काळात हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. ज्येष्ठांचे विधेयक त्या सोळांत होते, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे.

भाग्य तेथपर्यंतच होते. श्रीमती रमा देवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, मध्ये साथीचे वर्ष गेले असूनही, २९ जानेवारी २०२१ रोजी अहवाल सादर केला. त्यानंतरच्या सव्वातीन वर्षांत विधेयक संमत झाले नाही. जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. घटनेच्या १०७ व्या अनुच्छेदाचा नियम असा की, लोकसभेत पडून राहिलेले विधेयक लोकसभेबरोबर संपते. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेकडे अद्याप न गेलेले विधेयक मात्र लोकसभा गेली तरी जिवंत राहते. ही तांत्रिक बाब वाटेल, पण तिच्यावर लक्षावधी लोकांचे भवितव्य कसे अवलंबून असते याचे उदाहरण याच समितीच्या दप्तरात आहे.

ते उदाहरण अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या विधेयकाचे. (शासकीय शब्द 'दिव्यांग' असा आहे. तो अनेक अपंग संघटनांना रुचलेला नाही. मी येथे जुनाच शब्द वापरीत आहे.) हे विधेयक तत्कालीन मंत्री श्री. मल्लिकार्जुन खर्गे यांनी ७ फेब्रुवारी २०१४ रोजी मांडले ते राज्यसभेत. तीन महिन्यांत लोकसभा विसर्जित झाली, सरकार बदलले, पण विधेयक टिकले. सप्टेंबर २०१४ मध्ये ते याच स्थायी समितीकडे गेले. अध्यक्ष होते श्री. रमेश बैस, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपालही झाले. मे २०१५ मध्ये अहवाल आला. डिसेंबर २०१६ मध्ये श्री. गेहलोत यांनी शंभराहून अधिक शासकीय दुरुस्त्यांसह ते संसदेत संमत करून घेतले आणि १९ एप्रिल २०१७ पासून कायदा अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१४ च्या विधेयकात एकोणीस. अंतिम कायद्यात एकवीस, ज्यांत पार्किन्सनचा आजारही आला. साऱ्याच बदलांना सुधारणा म्हणता येणार नाही. नोकरीतील राखीव जागा विधेयकातील पाच टक्क्यांवरून चारवर उतरल्या, आणि कायद्याच्या सर्वसाधारण भंगासाठी कारावासाची जी तरतूद होती ती जाऊन दंड उरला. तरीही, दोन वर्षे दहा महिने एखादे विधेयक जाणत्या लोकांच्या हातांतून फिरत राहिले की त्याचे काय होते, हे या दोन मसुद्यांची पाने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

एकच समिती, सहा वर्षांच्या अंतराने दोन विधेयके. दोन्हींचा विषय, खोलात गेले तर, एकच : दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असलेल्या माणसाचे घरातील आयुष्य. पण दोहोंचे प्रश्न वेगळे. ज्येष्ठांचा कायदा विचारतो, याला कोणी सांभाळावयाचे? अपंगांचा कायदा विचारतो, याच्याविषयी कोणी ठरवावयाचे? कलम ५ अन्वये अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही, आणि घरी मिळणाऱ्या साहाय्यासह निरनिराळ्या सेवा तिला उपलब्ध असाव्यात असे अपेक्षित आहे. कलम ३८ अन्वये ज्याला अधिक साहाय्याची गरज आहे असा लक्षणीय अपंगत्वाचा दाखला असलेला मनुष्य त्यासाठी स्वतः अर्ज करू शकतो, किंवा त्याच्या वतीने दुसरा कोणी करू शकतो. तपासणी मंडळ त्याची गरज पाहून अहवाल देते. हक्क असा कागदावर आला. ती सेवा देणारा माणूस कसा असावा, याविषयीचा नियम मात्र दुसऱ्या विधेयकात होता आणि ते विधेयक व्यपगत झाले.

माझ्या व्यवसायातील दोन रुग्ण या ठिकाणी आठवतात. पहिली एक निवृत्त शिक्षिका. डाव्या मेंदूतील रक्तस्रावामुळे उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली. तिला समजत सारे होते, बोलता येत नव्हते. मुले परगावी; रोज रात्री व्हिडिओवर आईचा चेहरा पाहत. चादर गळ्यापर्यंत ओढलेली असे. मी दोन महिन्यांनी घरी गेलो तेव्हा माकडहाडावर जखम होती, हाडापर्यंत गेलेली, आणि पूर्वीच्या दोन मुली बदलून तिसरी आलेली होती. जखम कधी सुरू झाली हे तिला माहीत नव्हते; खरोखरच माहीत नव्हते. ब्यूरोत कसलीही नोंद नव्हती, कारण नोंद ठेवा असे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. तक्रार कोठे करावयाची असे मुलाने मला फोनवर विचारले. पोलिसांत जावे तर गुन्हा कोणाचा आणि ग्राहक मंचात जावे तर पावती कोठे आहे? पैसे रोख दिलेले.

दुसरा एक तिशीतला अभियंता, मानेच्या मणक्याला इजा होऊन चारही अवयव दुबळे झालेला. त्याने ब्यूरोचा नाद सोडून गावाकडचा एक मुलगा ठेवला, त्याला स्वतः शिकवले, दर दोन तासांनी कूस बदलण्याचा गजर स्वतःच्या फोनवर लावला. सात वर्षांत एक जखम नाही. मी त्याच्यापुढे नोंदणीच्या, निरीक्षणाच्या गोष्टी उत्साहाने बोललो तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझ्या घरात इन्स्पेक्टर नको. माणूस पटला नाही तर त्याला काढण्याची आणि दुसरा ठेवण्याची ऐपत मला द्या. आणि याच्याकडे कोर्सचं सर्टिफिकेट नाही म्हणून उद्या याला बंद करू नका."

जी बोलू शकत नाही तिला बाहेरचा डोळा हवा; जो बोलू शकतो त्याला तो डोळा नकोसा वाटतो. एकाच नियमात दोघांना बसवणे सोपे नाही. नोंदणीचा विचार आपल्याकडे पायरीपर्यंत येऊन परतला, म्हणून त्यापुढील अडचणी आपण पाहिल्याच नाहीत. त्या पाहावयाच्या तर जेथे घरच्या शुश्रूषेची नोंदणी पाव शतकापूर्वी झाली त्या ब्रिटनकडे पाहावे लागते. आपल्यापैकी अनेकांची मुले तेथील आरोग्यसेवेत आहेत.

ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने घरी जाऊन अंगमेहनतीची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना इंग्लंडपुरत्या राष्ट्रीय नियामकाखाली आणले. तो नियामक एप्रिल २००२ मध्ये कामाला लागला, २००४ मध्ये त्याच्या जागी दुसरा आला, २००९ मध्ये तिसरा, म्हणजे 'केअर क्वालिटी कमिशन'. पाट्या रंगवणाऱ्याची तेवढी चंगळ झाली असावी. पण खरा पेच पाट्यांचा नव्हता. २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे ८४ वर्षांच्या, अल्झायमरने ग्रस्त अशा एका स्त्रीचे प्रकरण आले. तिच्या निवासाचा बहुतेक खर्च नगरपालिका करीत होती, निवास चालवीत होती खासगी कंपनी, आणि कंपनीने तिला बाहेर पडण्यास सांगितले होते. मानवी हक्कांचा कायदा या कंपनीला लागू नाही, असा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी झाला. दोन्ही सभागृहांची मानवी हक्कांविषयीची संयुक्त समिती २००४ पासून हाच धोका दाखवीत होती. निकालानंतर तिने पाठपुरावा सोडला नाही आणि २००८ च्या कायद्यात, शासकीय व्यवस्थेतून निवासांत राहणाऱ्यांपुरती ही फट बुजवली गेली.

निवासांत राहणाऱ्यांपुरती, हे शब्द महत्त्वाचे. घरी सेवा घेणारा माणूस तेथेही उंबऱ्याबाहेर राहिला. २०११ मध्ये तेथील समता व मानवी हक्क आयोगाने घरच्या शुश्रूषेची चौकशी प्रसिद्ध केली. तीत समाधानी लोकही पुष्कळ होते. पण पंधरा मिनिटांची धावती भेट, त्यात आंघोळ घालावी की जेवण द्यावे हा प्रश्न, रोज नवा चेहरा, आणि तक्रार केली तर येणारे माणूसही बंद होईल या भीतीने गप्प बसलेले वृद्ध, हे चित्रही होते. आपल्याकडील आणि तिकडील म्हातारपणात इतके साम्य असेल असे मला वाटले नव्हते. २०१३ मध्ये नवे विधेयक उमरावांच्या सभागृहात आले तेव्हा लॉर्ड लो यांनी दुरुस्ती आणली. ते स्वतः अंध आणि आयुष्यभर अपंगांच्या चळवळीत राहिलेले. नियामकाच्या कक्षेतील सर्व शुश्रूषा मानवी हक्कांच्या कायद्याखाली यावी, मग ती घरी असो वा निवासात, असे त्यांचे म्हणणे. त्या सभागृहाने ते मान्य केले. पुढे सामान्यांच्या सभागृहात ते आकसले आणि २०१४ च्या कायद्यात कलम ७३ म्हणून शिल्लक राहिले. त्याने घरची शुश्रूषा आत आली, पण स्थानिक शासनाने व्यवस्था केलेली किंवा खर्च उचललेली तेवढीच. स्वतःच्या पैशाने, स्वतःच ठरवून सेवा घेणारा पुन्हा बाहेर.

नियामक असल्याने सारे सुरळीत झाले असे म्हणण्याची तर सोयच नाही. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबर्न व्ह्यू आणि २०१९ मध्ये डरहॅम परगण्यातील व्हॉर्लटन हॉल, या दोन रुग्णालयांत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचा छळ होत असल्याचे उघडकीस आले ते निरीक्षकांमुळे नव्हे, तर बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यामुळे. त्याच संयुक्त समितीने २०१९ च्या अहवालात नियामकाला फार कठोर शब्दांत सुनावले. चुकीची ग्वाही देणाऱ्या नियामकापेक्षा नियामक नसलेला बरा, अशा आशयाचे तिचे मत होते. २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी नियामकाचीच तपासणी केली तेव्हा कक्षेतील सुमारे पाचांतील एका ठिकाणाला कधीच श्रेणी दिली गेली नव्हती असे आढळले. ही स्थिती पक्क्या इमारतींसह साऱ्यांची. घरच्या शुश्रूषेत तर निरीक्षक संस्थेच्या कार्यालयात कागद पाहतो, फोनवर विचारपूस करतो. कोणाच्या घरी जावयाचे तर त्या माणसाची संमती लागते, आणि ती लागावीच.

माझ्या अभियंता-मित्राच्या म्हणण्याला मात्र तेथे उत्तर सापडते. १९९६ च्या कायद्याने अपंग व्यक्तीला सेवेऐवजी तिचे पैसे थेट घेण्याचा मार्ग खुला केला. त्या पैशातून तिने स्वतः नेमलेला साहाय्यक नियामकाच्या नोंदणीबाहेर ठेवला आहे. नोंदणी संस्थेला, मोकळीक स्वतः नेमणाऱ्याला, अशी ही वाटणी. दोष तीतही आहेत. पण शिक्षिका आणि अभियंता यांना एकाच साच्यात घालण्याचा हट्ट तीत नाही. आपल्याकडे पुन्हा कधी असे विधेयक आले तर ही वाटणी मसुद्यात असावी असे मला वाटते. नाही तर नोंदणीचा पहिला फटका बसेल तो गावाकडून आलेल्या त्या मुलाला, आणि मोठे ब्यूरो एक दाखला भिंतीवर टांगून मोकळे होतील.

आपल्या राज्यघटनेत आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि अपंगांचे साहाय्य हाही राज्यसूचीतला. अपंगांचा २०१६ चा कायदा केंद्राला करता आला तो आंतरराष्ट्रीय करारामुळे, ज्याला भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये मान्यता दिली. म्हणून घरच्या शुश्रूषेच्या नोंदणीसाठी दिल्लीकडेच पाहत राहावे असे नाही. भोपाळ, मुंबई, बंगळूर, गांधीनगर किंवा पणजी येथेही ते काम होऊ शकते. राज्यांच्या विधानसभांत मात्र विधेयक समितीकडे पाठवण्याची सवय संसदेपेक्षाही कमी आहे.

तोवर हाती काय आहे? अपंगांच्या कायद्याचे कलम ७ फारसे वापरले जात नाही, पण ते डॉक्टरांच्या उपयोगाचे आहे. अपंग व्यक्तीवर अत्याचार, हिंसा वा शोषण होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे ज्याला सकारण वाटते असा कोणीही त्या भागातील कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. नातेवाईकच असावे लागत नाही. कलम ९२ मध्ये, ज्याच्या ताब्यात अपंग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिला अन्नपाणी नाकारणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. २००७ च्या कायद्याखालील निर्वाह न्यायाधिकरणही उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या माणसापुढेच चालते, तेव्हा अनेकदा दोन्ही कामांसाठी दार एकच असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०२१ पासून आहे. अर्थात ही सारी साधने गुन्हा घडल्यानंतरची. शिक्षिकेच्या जखमेत गुन्हा नव्हता. अज्ञान होते, आणि ते कोणाच्या नोंदवहीत बसत नव्हते.

संसदीय समिती एखाद्या विधेयकावर सूचना मागवते तेव्हा वृत्तपत्रांत जाहिरात येते. बहुधा पंधरा दिवसांची मुदत असते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागते. समक्ष साक्ष द्यावयाची असल्यास तसे त्यात नमूद करावे लागते. २०१९-२० मध्ये घरच्या शुश्रूषेवर बोलण्याची जी संधी आली होती ती आपल्यासारख्या गावोगावच्या वैद्यक मंडळांपैकी किती जणांनी घेतली असेल, याविषयी मला शंका आहे. अशा निवेदनात मते कमी आणि नोंदी अधिक असाव्यात. घरी शुश्रूषा घेणारा रुग्ण पुन्हा दाखल झाला, तर दाखल होतानाच्या दबावजखमा, त्यांचे माप, कॅथेटर कधी बदलला, नळीतून अन्न श्वासमार्गात गेले होते का, घरी कोण पाहत होते आणि किती माणसे बदलली, एवढे पाच-सहा रकाने केसपेपरावर वाढवावे लागतील. मी गेल्या दिवाळीपासून माझ्या दवाखान्यात ते सुरू केले आहेत. रकान्यांचा कोरा नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी तेथून घ्यावा, आणि त्यात जे कमी वाटेल ते वाढवून मलाही कळवावे.